चाळीस अक्षरांचा शेरा

शेरेकाकांचा उजवा पाय टेबलाखाली हलायला लागला की पाणीपुरवठा कार्यालयातले लोक आपापले चहाचे कप उचलून हातात धरायचे. टेबलं एकाला एक लागून होती आणि काकांचा पाय एकदा सुरू झाला की चौथ्या टेबलावरचा चहासुद्धा बशीत यायचा. त्या सोमवारच्या बैठकीत तो पाय सुरू झाला आणि पुढचे आठ दिवस काही थांबला नाही.

आधी नावाचं सांगून टाकतो. शेरे हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं काय होतं ते पगाराच्या यादीत असेल. समोर आलेला कुठलाही कागद शेरा मारल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचा नाही, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम, त्यावरून हे नाव पडलं. बरं, शेराही साधासुधा नाही. त्या कार्यालयाची एक रीत होती. वरिष्ठांच्या कागदावर 'नाही'ने सुरुवात करायची नाही. आधी मान, मग मुद्दा. 'आपली सूचना अत्यंत योग्य असून तिची अंमलबजावणी होणे आवश्यक आहे, तथापि...' आणि त्या तथापिच्या पलीकडे, सूचना कशी बिनडोक आहे ते. सगळेच असं लिहीत, पण काकांच्या हाताला त्याची गोडी होती. त्यांचं तथापि येईपर्यंत वाचणाऱ्याला वाटायचं, झालं बुवा आपलं काम.

तर बैठक. कार्यालयातले सगळे कागद आता एका नव्या सिस्टीममध्ये राहणार होते. कागद स्कॅन करायचा, आत टाकायचा, हवा तेव्हा शोधायचा. सिस्टीम आली होती, ती बसवायला कंपनीची मुलगी आली होती, फीत कापून झाली होती. घोडं अडलं होतं एकाच ठिकाणी. कार्यालयात आधीपासून चौदा निरनिराळी सॉफ्टवेअर चालत होती. हजेरीचं एक, नकाशांचं एक, स्कॅनरचं एक, पाणीबिलांची तर दोन. ती या नव्या सुनेबरोबर नांदणार का, हा प्रश्न. वरून आलेल्या परिपत्रकात त्या चौदांना 'त्रयस्थ प्रणाली' म्हटलं होतं. एकेक तपासायची. जी चालेल तिच्यातली माहिती नव्या सिस्टीममध्ये हलवायची आणि जुन्या मशीनवरून ती पुसून टाकायची. जी चालणार नाही ती पर्याय मिळेपर्यंत जुन्या मशीनवर आहे तशी ठेवायची.

"कोण करील हे?" साहेबांनी विचारलं.

सगळ्यांनी वह्यांत डोकी खुपसली. काका उठले. "साहेब, काम अत्यंत जबाबदारीचं असून ते कोणीतरी अनुभवी माणसानं हाती घेणं आवश्यक आहे, तथापि—"

पुढचं वाक्य असं होतं, की तथापि माझ्याकडे आधीच तीन टेबलांचं काम आहे. पण साहेब 'अनुभवी'वरच खूश झाले. "वा! मग शुक्रवारपर्यंत तक्ता द्या. पुढच्या सोमवारी संध्याकाळी पाचला जुनं मशीन पुसायचं आहे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

काकांनी यादी हातात घेतली आणि नवव्या क्रमांकावर त्यांचा पाय आणखी जोरात हलायला लागला. तिथे लिहिलं होतं, 'जुन्या फायलींची सूची.' ही सूची काकांची होती. स्वतःची. अकरा वर्षांपूर्वी मेव्हण्याला हाताशी धरून त्यांनी तो छोटा प्रोग्रॅम करून घेतला होता आणि तेव्हापासून रोज जेवणाच्या सुट्टीत त्यात नोंदी भरल्या होत्या. एकतीस हजार नोंदी. कुठली फाईल कुठल्या खोलीत, कुठल्या कपाटात, कितव्या फळीवर. गंमत वाटेल, पण त्या फायलींत गावभरच्या जमिनीखाली कुठली नळवाहिनी कुठून जाते आणि ती बंद करायची झडप कुठे आहे, ते असायचं. फाईल सापडली नाही तर झडप सापडत नाही आणि झडप सापडली नाही तर अख्खा रस्ता खणावा लागतो. शाळेसमोरचा रस्ता असाच एकदा तीन दिवस खणला होता. झडप निघाली शाळेच्या आत, माळ्याच्या खोलीखाली. त्या दिवशी काकांनी सूची करायला घेतली. आणि परिपत्रक म्हणतं, त्रयस्थ! पोटच्या पोराला कोणी 'हे कोण' म्हणावं, तसं काकांना झालं.

मंगळवारी स्कॅनरपासून सुरुवात झाली. कंपनीची मुलगी शेजारी खुर्ची ओढून बसली. पंचवीस-सव्वीसची असेल, बोलणं चटपटीत, पण मनाची चांगली. काकांनी एक पत्र स्कॅन केलं आणि नियमाप्रमाणे त्याला जावक क्रमांकाचं नाव दिलं. त्या कार्यालयाच्या जावक क्रमांकात अक्षरं थोडी आणि तिरक्या रेघा फार. पाणी, तिरकी रेघ, जोडणी, तिरकी रेघ, वर्ष, तिरकी रेघ, टेबल, तिरकी रेघ, क्रमांक. पत्र आत गेलं आणि गायब झालं.

"काका, तिरकी रेघ म्हणजे सिस्टीमला वाटतं नवा खण करायचाय," मुलगी म्हणाली. तिने दाखवलं. एका खणात दुसरा, दुसऱ्यात तिसरा, असे चार खण उघडत गेलं की तळाशी ते बापडं पत्र एकटंच बसलेलं. काकांना हे कळेपर्यंत शेजारच्या टेबलानं उत्साहाच्या भरात गेल्या महिन्याचं सगळं टपाल आत ढकललं होतं. दुपारपर्यंत सिस्टीममध्ये नऊशे खण झाले, त्यातले बहुतेक रिकामे.

"तिरकी रेघ काढून टाकली तर?" मुलीनं विचारलं.

"जावक क्रमांकातून? तिरकी रेघ?" काकांचा आवाज चढला. "उद्या म्हणशील, सही काढून टाका."

बुधवारी हजेरीचं सॉफ्टवेअर जोडलं. नवी सिस्टीम हुशार होती, आलेली माहिती आपली आपणच वर्गवार लावायची. तिला माणसं काय, झडपा काय, सगळं सारखंच. जे चालू स्थितीत नाही ते तिनं नेमानं 'बंद पडलेल्या झडपा' या सदरात टाकलं. त्या दिवशी रजेवर असलेले चार जण त्या सदरात गेले. पहिलं नाव साहेबांचं होतं. काकांनी घाईघाईनं तो पडदा हातानं झाकला, पण तोवर सगळ्या कार्यालयानं पाहून घेतलं होतं. पुढे कित्येक दिवस साहेब आले की कोणीतरी हळूच म्हणायचं, झडप चालू झाली.

गुरुवारी तर कहरच. नकाशांच्या सॉफ्टवेअरबरोबर व्हायरस पकडणारा एक पहारेकरी प्रोग्रॅम होता. त्यानं नव्या सिस्टीमला पाहिलं, चोर समजला आणि कोंडून ठेवलं. सोडवायला पासवर्ड हवा. पासवर्ड मुख्य कार्यालयात. फोन केला तर तिथला माणूस म्हणाला, "लेखी अर्ज करा."

"करतो. कुठे पाठवू?"

"नव्या सिस्टीममधून पाठवा. आता कागदी अर्ज घ्यायचे बंद केलेत."

"अहो, पण ती कोंडली गेलीय. ती सोडवायलाच तर अर्ज करायचाय."

"मग तसं अर्जात नमूद करा," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

काका फोनकडे बघत तीन घोट पाणी प्यायले. शेवटी कंपनीच्या मुलीनं तिच्या कुठल्याशा मित्राला मेसेज केला आणि पाच मिनिटांत पासवर्ड आला. काकांना बरं वाटायच्या ऐवजी जास्तच वाईट वाटलं. तीस वर्षं नोकरी करून अर्जाला जे जमलं नाही, ते अंगठ्यानं झालं.

या चारही दिवसांत घरी काय चाललं होतं ते विचारू नका. माणूस एका जागी बसेना. गॅलरीत जायचे, परत यायचे, टीव्ही लावायचे, बंद करायचे. बायको भाजी निवडत बघत होती. तिला काकांच्या बोलण्याची एक युक्ती लग्नानंतर लवकरच सापडली होती. पहिला भाग ऐकायचा आणि आत निघून जायचं. "भाजी अत्यंत उत्तम असून पोळ्याही मऊ झाल्या आहेत," इथवर ऐकलं की ती स्वयंपाकघरात पोचलेली असायची. पुढचं तथापि काका भिंतीला ऐकवायचे. संसार सुखाचा चालला होता.

शेजाऱ्यांनी मात्र सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि वर सल्लेही दिले. वरच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर म्हणाला, "काका, जुनं काढून टाका. ठेवलं की दुखत राहतं." समोरचे निवृत्त प्राध्यापक म्हणाले, "चालणं म्हणजे नेमकं काय, हे आधी ठरवा. व्याख्येशिवाय तपासणी व्यर्थ आहे." आणि त्यांनी व्याख्या करायला घेतली. ती शुक्रवारपर्यंत काही पूर्ण झाली नाही. मेव्हण्याला फोन केला तर तो म्हणाला, "दाजी, तो प्रोग्रॅम अजून चालतोय? कमाल आहे. मला तर वाटलं होतं वर्षभरात झोपेल." दाजी त्याच्याशी पुढे बोललेच नाहीत.

गुरुवारी दुपारी, पहारेकऱ्याचं प्रकरण मिटल्यावर, शेवटी सूचीची पाळी आली. काकांनी मुद्दामच ती मागे ठेवली होती. मुलीनं शंभर नोंदी नव्या सिस्टीममध्ये सोडून पाहिल्या. सगळ्या सुरळीत गेल्या. काका खुर्चीतून अर्धे उठले. "चालते!"

"थांबा हं काका," मुलगी म्हणाली. तिनं एक नोंद उघडली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'सदर फाईल अत्यंत जुनी आणि महत्त्वाची असून ती सुरुवातीस पुढील खोलीत ठेवण्यात आली होती'. आणि पुढे काही नाही.

"पुढचं कुठंय?" काकांनी विचारलं. पुढे होतं, 'तथापि आता मागच्या खोलीत, खिडकीलगतच्या कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर आहे. दार ओढताना किंचित उचलावे.'

"शेऱ्याला चाळीसच अक्षरं घेते सिस्टीम. पुढचं टाकून देते."

"टाकून देते? सांगत नाही, विचारत नाही?"

"नाही ना. काका, राग मानू नका, पण महत्त्वाचं आधी लिहायचं असतं."

काकांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती उठून पाणी प्यायला गेली. शंभरच्या शंभर नोंदी त्यांनी उघडल्या. फाईल आधी कुठे होती ते प्रत्येकीत होतं. आता कुठे आहे ते एकीतही नव्हतं. एकतीस हजार नोंदी नव्यानं लिहायच्या तर आणखी अकरा वर्षं हवीत, आणि काकांच्या नोकरीची उरली होती चार.

शुक्रवारी तक्ता भरायचा होता. मुलगी म्हणाली होती, "चालतं किंवा चालत नाही, नुसती खूण करा." पण नुसती खूण काय, कोणीही करील. काकांनी स्वतः रकाने आखले. अनुक्रमांक, प्रणालीचे नाव, शेरा. तेरा प्रणालींचे शेरे सरसर लिहिले. नवव्या क्रमांकावर पेन थांबलं. आपल्याच सूचीबद्दल, आपल्याच अक्षरात, आपल्याच सहीनं लिहायचं की ही चालत नाही. काका उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा उठले. अपमान होता, मोठाच अपमान होता. पण 'चालत नाही' लिहिलं तरच सूची जुन्या मशीनवर जिवंत राहणार होती. मान गेला तरी चालेल, सूची राहू दे, असं म्हणून त्यांनी लिहिलं, 'सदर प्रणाली अत्यंत उपयुक्त असून ती नव्या प्रणालीबरोबर चालवण्यास हरकत नसावी असे प्रथमदर्शनी वाटते, तथापि प्रत्यक्ष तपासणीत ती चालत नाही असे आढळून आले. सबब जुन्या मशीनवरून ती पुसू नये.'

डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. कागदावर सही केली, एक प्रत मुलीला दिली, आणि नियमाप्रमाणे दुसरी नव्या सिस्टीममध्ये भरून साहेबांकडे पाठवली. शनिवार-रविवार माणूस जरा जेवला-झोपला. पाय तेवढा हलत होता.

सोमवारी चार वाजून दहा मिनिटांनी साहेबांचा आदेश पडद्यावर आला. चौदाही प्रणाली मंजूर. सर्व माहिती हलवण्यात आली आहे. जुने मशीन ठरल्याप्रमाणे पाच वाजता पुसावे. शेवटी काकांचं अभिनंदनही होतं.

काकांनी आपला तक्ता उघडला. नवव्या क्रमांकासमोर होतं, 'सदर प्रणाली अत्यंत उपयुक्त असून ती नव्या प्रणालीबरोबर चालवण्यास हरकत नसावी असे'.

एवढंच. तक्त्यातला रकानाही शेऱ्याचाच होता. चाळीस अक्षरं झाली, सिस्टीमनं बाकीचं टाकून दिलं. गुरुवारी डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी शुक्रवारी तीच चूक! काकांनी कपाळावर हात मारून घेतला. आणि तो तिथेच ठेवून ते जुन्या मशीनच्या खोलीकडे धावले.

कंपनीची मुलगी मशीनसमोर बसली होती. "मला आदेश आहे काका. साहेबांनी थांबवलं तरच थांबवता येईल."

काका जिना चढून साहेबांच्या खोलीत. साहेब बॅग भरत होते, कुठल्याशा सभेला जायचं होतं. "साहेब," काका धापा टाकत म्हणाले, "आपला आदेश अत्यंत योग्य असून त्याबद्दल आम्ही सर्वजण आपले आभारी आहोत, तथा—"

"अरे, आभार कसले! तुम्हीच केलंत सगळं," असं म्हणून साहेब जिन्याकडे निघाले.

काका मागे. मधल्या मजल्यावर गाठलं. "साहेब, मी मांडलेला तक्ता सर्व दृष्टींनी परिपूर्ण असून—"

"आहेच मुळी. मी वर कळवलंय." साहेबांचा फोन वाजला, साहेब बोलत बोलत आणखी खाली. काका कठड्याला धरून उभे राहिले. जिन्यातल्या घड्याळात पाचला बारा मिनिटं होती. तीस वर्षांत वरिष्ठाला पहिल्या वाक्यात 'नाही' म्हटलं नव्हतं. जीभच वळत नव्हती हो! सभ्य माणसाची जीभ ती, तिला सवयच नाही.

साहेबांच्या गाडीचं दार उघडलेलं दिसलं.

"पुसू नका!" काका जिन्यातून ओरडले.

फाटकावरचा पहारेकरी उभा राहिला. टपाल घेऊन आलेला माणूस जागच्या जागी थबकला. साहेबांनी कानाचा फोन खाली घेतला. "काय?"

"पुसू नका! सूची चालत नाही! पुसली तर एकही फाईल सापडणार नाही, अन् मग खणत बसा गावभर रस्ते!"

इतकं बोलून काका स्वतःच घाबरले आणि सवयीनं पुढे म्हणाले, "...असे नम्रपणे निवेदन आहे."

साहेब दोन पायऱ्या वर आले. "अहो, मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं साहेब," काका म्हणाले. "शेवटी."

साहेबांनी काकांकडे पाहिलं. साहेबही त्याच कार्यालयात कारकुनीतून वर आले होते, वरच्यांना असेच कागद लिहीत. त्यांना कळलं. त्यांनी तिथूनच खाली फोन लावला. पाचला चार मिनिटं होती.

काका पुन्हा मशीनच्या खोलीत गेले तेव्हा मुलगी बॅगेतून काहीतरी शोधत होती. मशीन चालू होतं. पडद्यावर सूची होती, दार किंचित उचलायच्या सूचनेसकट.

"पुसायच्या तयारीलाच अर्धा तास लागतो," काका तिला म्हणाले. "तू सुरुवात केलीच नव्हतीस?"

"आज वायर सापडत नव्हती," मुलगी म्हणाली. वायर तिच्या गळ्यात होती. मग ती जराशी हसली. "तुम्ही मला कागदावरची प्रत दिली होतीत ना काका. मी शेवटपर्यंत वाचली होती."

काका खुर्ची ओढून बसले. तीस वर्षांत किती शेरे लिहिले याचा हिशोब नाही, पण शेवटपर्यंत वाचला असं सांगणारं हे पहिलंच माणूस भेटलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून नवीन काम लागलं. एकतीस हजार नोंदींचे शेरे, मुद्दा आधी आणि चाळीस अक्षरांत. साहेबांनी दोन माणसं मदतीला दिली. काकांनी पहिल्याच दिवशी साठ केले. 'मागची खोली, खिडकीचं कपाट, खालून दुसरी फळी. दार उचला.' लिहिताना सुरुवातीला चोरी केल्यासारखं वाटत होतं, मग मजा यायला लागली. संध्याकाळी घरी आले तेव्हा पाय थांबला होता आणि छाती पुढे आली होती.

बायकोनं ताट वाढलं आणि नेहमीसारखी पहिला भाग ऐकायला उभी राहिली. काकांनी घास घेतला.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

चाळीस अक्षरांच्या कितीतरी आत बसलं होतं. काकांना स्वतःचाच अभिमान वाटला. त्यांनी वर पाहिलं. बायको हलली नव्हती. वाढायचा डाव तिच्या हातात तसाच होता.

"एवढंच?" तिनं विचारलं. "पहिला भाग कुठे गेला?"

"तो... तो आता काढून टाकलाय. मुद्दा आधी सांगायचा."

बायकोनं डाव पातेल्यात ठेवला. "इतकी वर्षं मी तेवढंच तर ऐकत आले," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "मला वाटायचं, तुम्हाला माझ्या हातचं आवडतं."

टेबलाखाली काकांचा उजवा पाय हलायला लागला, पेल्यातलं पाणी हिंदकळलं. त्यांनी घास गिळला, पाणी प्यायले आणि ताठ बसले.

"भाजी," ते सावकाश म्हणाले, "अत्यंत उत्तम असून पोळ्याही मऊ झाल्या आहेत."

बायको वाट पाहत उभी राहिली. या वेळी ती स्वयंपाकघरात गेली नाही. काकांचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग त्यांनी दुसरा घास घेतला आणि मुकाट्यानं जेवायला लागले.